सोडलेला भात

दमेकऱ्याला सल्ला द्यायला शिक्षण लागत नाही, वय लागत नाही आणि त्याची ओळखही लागत नाही. भोरच्या बाजारात मी नुसता खोकलो तरी शेजारी मिरच्या घेऊन बसलेला माणूस औषध सांगायचा. शेळीचं दूध घे. मोरपिसाची राख मधातून चाट. अडुळशाचा काढा कर, पण पानं शनिवारी तोड. डोंगरावरच्या वाडीतल्या एका धनगरबाबांनी सांगितलं, शेळ्यांच्या वाड्यात झोप, त्यांच्या उबेनं छाती मोकळी होते. मी तेही केलं. दमा गेला नाही, अंगाचा वास मात्र बरेच दिवस गेला नाही.

पथ्यांचं तर विचारू नका. एकानं दही बंद केलं, दुसऱ्यानं केळं, तिसऱ्यानं चिंच. सगळ्यांचं ऐकलं असतं तर दम्याच्या आधी उपासानंच मेलो असतो. आणि सल्ला देऊन झाला की प्रत्येक जण उठताना एकच वाक्य बोलायचा, दमा काय, दम घेऊनच जातो. एवढं ठाऊक होतं तर मग अडुळसा कशाला तोडायला लावला, असं मला विचारावंसं वाटे. पण विचारायला दम लागतो.

हे दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आधीच्या दोन-चार वर्षांतलं आहे. आमचं घर उत्रोलीला, भोरपासून चालत जाण्याइतक्या अंतरावर. घरात वडील, आई आणि मी. बहिणी लग्न होऊन आपापल्या घरी गेलेल्या. शेत भाताचं. मी सातवीची फायनल परीक्षा पास झालो होतो आणि वरच्या अंगाला एका डोंगरी गावात मला मास्तरकी मिळाली होती. एक पावसाळा कसाबसा काढला. दुसऱ्या पावसाळ्यात मुलांना पाढे म्हणून दाखवताना दम लागला तो उतरेचना. मुलं घाबरली आणि बाहेर पळाली. गावकऱ्यांनी घोंगडीची झोळी करून मला खाली आणलं. त्यानंतर मी शाळेत गेलो नाही.

दमा बाहेरून दिसतो तो खोकला आणि घरघर. आतून तो वेगळा असतो. सगळ्या जगाला फुकट मिळणारी हवा आपल्यालाच मिळत नाही. हवा आत घेता येते थोडी, बाहेर सोडताच येत नाही. खांदे वर चढतात, माणूस गुडघ्यांवर हात रोवून बसतो आणि त्याला दुसरं काही म्हणजे काही सुचत नाही. आई, बाप, देव, कुणी आठवत नाही. पुढचा श्वास तेवढा आठवतो. मग केव्हातरी तो सुटतो, अंगाला घाम येतो आणि माणूस लहान मुलासारखा झोपतो.

पण खरं सांगायचं तर दम्यापेक्षा दम्याची वाट बघणं वाईट होतं. दमा महिन्यातून थोडे दिवस यायचा, भीती रोज यायची. चांगल्या दिवशीही मी माझाच श्वास ऐकत बसायचो. छातीत जरा शीळ वाजली की हातापायांतलं बळ जायचं. घरापासून लांब जाईनासा झालो. देवळात भजनाला गेलो तर दाराजवळ बसायचो, आत गर्दी झाली की उठून यायचो. लोक म्हणायचे, मास्तराला शिष्टपणा आला. लग्नाची बोलणी करायला कुणी आलं तर मी घरामागच्या परड्यात जाऊन बसायचो. तिथे भरल्या दुपारी, काही होत नसताना, माझं काळीज धडधडायचं आणि का धडधडतंय हे मला सांगता यायचं नाही. त्या काळी त्याला आमच्याकडे शब्द नव्हता. काळजी मुलीच्या बापाला असायची. उदास विधवा असायची. धडधाकट दिसणाऱ्या विशीतल्या पोराला यातलं काही होतं हे कुणाच्या मनात येत नव्हतं.

वडिलांनी मला भोरला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर भले होते. त्यांनी छाती तपासली, निखाऱ्यावर टाकून धूर घ्यायची एक पूड दिली आणि वडिलांना समजावून सांगितलं की हा आजार जन्माचा सोबती आहे. मुलगा यानं लगेच मरणार नाही, पण हा मुळापासून जाणारही नाही. त्याच्याशी जमवून घ्यायला शिकवा. आज मला वाटतं, माझ्या दम्याबद्दल कुणी बोललेलं ते सगळ्यांत शहाणपणाचं वाक्य होतं. वडिलांनी मात्र घरी येऊन आईला सांगितलं की डॉक्टरनं हात टेकले.

आमच्याकडे आजार दोन प्रकारचे. एक बरा होणारा, एक मारणारा. बराही होत नाही आणि मारतही नाही असा तिसरा आजार कुणाच्या हिशेबात नव्हता. आईनं ऐकून घेतलं, पदर खोचला आणि पुढच्या जत्रेला ती माहेरी गेली.

तिचं माहेर वेल्ह्याकडे, तोरण्याच्या पायथ्याला. तिथे भात सणावारी. रोजचं खाणं नाचणी आणि वरी. उत्रोलीत दिली तेव्हा तिच्या मैत्रिणी तिला चिडवायच्या की ही नवऱ्याला नव्हे, भाताला दिली. हे ती स्वतःच हसत सांगायची. तिला भात फार आवडायचा. त्यातही तळाला लागलेली खरवड. सगळ्यांची जेवणं झाली की ती मडकं मांडीवर घ्यायची, उलथन्यानं खरवड सोडवायची, वर मिठाचा खडा चुरायची आणि सावकाश खायची. तेवढा वेळ तिला कुणी हाक मारलेली तिला खपत नसे. दिवसभरात तिचा स्वतःचा असा तेवढाच वेळ होता.

जत्रेहून आली त्या संध्याकाळी तिनं आम्हाला भात वाढला आणि स्वतःच्या ताटात भाकरी घेतली. मला वाटलं, प्रवासानं पोट बिघडलं असेल. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी मी विचारलं तर उत्तर वडिलांनी दिलं. तिनं माहेरच्या देवीपुढे भात सोडला होता. पोराचा दम जाईल तेव्हाच भाताला हात लावीन, असं बोलून आली होती.

मला आधी भरून आलं. कुणाला येणार नाही? त्या रात्री मी चार घास जास्त जेवलो, जणू माझ्या जेवण्यानं तिचा नवस लवकर फळाला येणार होता. गावातल्या बायाही म्हणाल्या, आई असावी तर अशी. शेजारणी तिच्याकडे बघून आपल्या सुनांना ऐकवायच्या. आणि मला रस्त्यात कुणीही भेटलं की मायेनं विचारायचं, काय मास्तर, बरं हाय का आता? आईला भात कवा खायला घालताय?

हा प्रश्न मला रोज कुणी ना कुणी विचारत होतं. विचारणाऱ्याच्या मनात काही नसे. पण मला ते टोचू लागलं. आधी दमा माझा होता. आता तो आईच्या ताटात येऊन बसला. सकाळी उठून मला नुसती शिंक आली तरी चुलीपुढून तिची मान वळायची. ती काही म्हणायची नाही. ती कधीच काही म्हणाली नाही, तेच तर अवघड होतं. भांडली असती, कपाळावर हात मारला असता, तर मीही भांडलो असतो.

खरवड आता कुत्र्याला जायची.

मी दमा लपवायला शिकलो. छाती भरून आली की काहीतरी निमित्त काढून गोठ्यात जायचो आणि बैलाच्या पाठीवर डोकं टेकून उभा राहायचो. बैल हा दमेकऱ्याला फार चांगला सोबती. तो सल्ला देत नाही. श्वास बसला की तोंड धुऊन घरात यायचो आणि आईपुढे हसायचो. लपवायचं म्हणून भीती दुप्पट झाली. आता दम लागेल याचीही भीती आणि तो दिसेल याचीही.

मग एक उन्हाळा चांगला गेला. शिमगा झाला, पाडवा झाला, चैत्र सरला, छाती मोकळीच. गोठ्यातही जावं लागलं नाही. मला कैऱ्या खाव्याशा वाटल्या. नदीवर जाऊन पोहलोही. आई रोज माझ्याकडे बघायची आणि चालता चालता गुणगुणायला लागली होती. वैशाखात तिनं वडिलांना सांगितलं की देवीला जाऊन नवस फेडून येऊ. साडीचोळी आणली. शेजाऱ्यांची बैलगाडी सांगितली. निघायच्या आदल्या दिवशी तिनं कणगीतून आंबेमोहोर काढला, जो आम्ही विकायचो आणि क्वचितच खायचो. सूप घेऊन दारात निवडत बसली. देवीला नैवेद्य दाखवून तिथेच पहिला घास घ्यायचा असं तिनं ठरवलं होतं. शेजारीण म्हणाली, बघ हं, सवय मोडली असंल, पोटात दुखंल. आई हसली. दोन वर्षांत तिला इतकं हसताना मी पाहिलं नव्हतं.

गाडी दारात आली तेव्हा मी चौकटीला धरून उभा होतो आणि मला बाहेर पाऊल टाकता येत नव्हतं. पहाटेपासून छाती आवळत होती. मी दम दाबून धरला होता. तो काय दाबून धरता येतो? बैल जुंपलेले, आई ओटीचं सामान घेऊन चढायला निघालेली, आणि मी खाली बसलो.

गाडीवाला थोडा वेळ थांबला, मग बैल वळवून गेला. संध्याकाळी माझा श्वास बसल्यावर मी पाहिलं, आई निवडलेला तांदूळ पुन्हा कणगीत ओतत होती. माझ्याकडे तिची पाठ होती. ती रडत होती का, मला माहीत नाही. मी विचारलं नाही.

त्या दिवसापासून माझ्यातलं काहीतरी विझलं. ते कसं होतं हे सांगायचा मी पुढे पुष्कळदा प्रयत्न केला आहे. दुःख होतं असं म्हणता येत नाही, कारण दुःखात रडू येतं. मला रडू येत नव्हतं. उठावंसं वाटत नव्हतं. अंघोळ नको, जेवण नको, कुणाशी बोलणं नको. भिंतीकडे तोंड करून पडायचं आणि भिंतीला गेलेली चीर बघायची. लावणी आली. आमच्याकडे लावणी सावडीनं होते. आज याच्या खाचरात सगळे, उद्या त्याच्या. प्रत्येक घरातून माणसं येतात. आमच्या घरातून आई-वडील जायचे. रोप टाकताना बाया गाणी म्हणायच्या ती मला घरात ऐकू यायची आणि ती माणसं कुठल्या तरी दुसऱ्या मुलखातली आहेत असं वाटायचं. कुणी म्हणालं, पोरानं मनाला लावून घेतलंय. कुणी म्हणालं, आळस अंगात भरलाय. एकीनं लागीर झालंय म्हणून अंगारा आणून लावला. वडील एकदा जवळ बसले, बराच वेळ बसले, आणि पावसाबद्दल बोलून उठून गेले.

आणि पडल्या पडल्या एक विचार यायला लागला. तो काही भयंकर रूप घेऊन आला नाही. साध्या बेरजेसारखा आला, म्हणूनच मी त्याला हुसकलं नाही. माझा दम जाणार नाही. दम जाईपर्यंत आई भात खाणार नाही. मी नसलो तर नवस राहणार नाही. मी मेलो तर आईला भात खाता येईल.

कुठलीही आई पोराच्या तेराव्यानंतर बसून सुखानं भात खाईल का, एवढं साधं मला कळत नव्हतं. शिकलेला होतो, मुलांना हिशेब शिकवत होतो. पण मन असं आजारी पडलं की हिशेब सगळे बरोबर येतात आणि उत्तर चुकतं.

आश्विनातली गोष्ट. पाऊस ओसरला होता, भातं पोटरीत होती. दुपारी घरात कुणी नव्हतं. मी उठलो आणि नीरेकडे चालू लागलो. तिथे एक डोह आहे. कशासाठी चाललो होतो ते मला माहीत होतं. घाबरलो नव्हतो. कितीतरी दिवसांत पहिल्यांदाच छाती धडधडत नव्हती, आणि त्याचंच मला बरं वाटत होतं.

डोहापर्यंत मी पोचलोच नाही. बांधाच्या चढाला दम लागला.

मी खाली बसलो. गुडघ्यांवर हात रोवले, खांदे वर गेले, मान ताणली गेली. मरायला निघालेला माणूस मी, आणि एका श्वासासाठी जिवाच्या आकांतानं धडपडत होतो. छाती ओढत होती, गळा ओढत होता, बोटं मातीत रुतली होती. माझ्या मनाला जगायचं नव्हतं, पण अंगानं मनाला विचारलंच नव्हतं. इतक्या हालातही मला ते कळलं आणि माझी मलाच लाज वाटली.

आई त्याच बाजूला गवत कापत होती. तिनं मला लांबून ओळखलं असणार. भारा तिथेच टाकून ती आली, माझ्या मागे बसली आणि नेहमीसारखा पाठीवर तळहात ठेवला. चोळत नसे ती. नुसता ठेवायची. थोडा वेळ गेला. श्वास हळूहळू बाहेर सुटायला लागला. समोर डोह दिसत होता, तिनंही तो पाहिला होता.

"हितं कशापायी आलतास?" तिनं विचारलं.

खोटं बोलायला माझ्यात त्राण नव्हतं. मी म्हणालो, "आये, तू भात खा."

"खाईन की. तू बरा झालास की खाईन."

"म्या बरा न्हाई व्हनार. डाक्टरनं सांगितलंय, ह्यो जन्माचा हाय. मग तू कवा खानार? म्या मेल्यावरच ना? तेच करायला आलो व्हतो."

तिचा हात पाठीवर होता तो तसाच राहिला. मी मागे वळून बघितलं नाही. नदीवर पलीकडे कुणीतरी धुणं धूत होतं, त्याचा आवाज येत होता. मग ती म्हणाली, "माजा भात तुला येवढा जड झाला व्हय रं?"

मी म्हणालो, "व्हय."

मला वाटलं ती रडेल, मला छातीशी धरेल, देवीचं नाव घेईल. तिनं यातलं काही केलं नाही. डोळ्यांना पदर लावला, उठली, भाऱ्याकडे गेली आणि तिथून म्हणाली, "गवत वलं हाय. भाऱ्याला हात लाव."

दोन वर्षांत तिनं मला काडी उचलायला सांगितली नव्हती. मी जाऊन भाऱ्याला हात लावला. तिनं तो डोक्यावर घेतला आणि पुढे चालू लागली, मी मागे.

संध्याकाळी तिनं चूल पेटवली आणि भात टाकला. वडील आणि मी पाटावर बसलो. तिनं आम्हाला वाढलं. मग तिसरं ताट घेतलं, आमच्यासमोर मांडलं आणि त्यात भात घेतला. वडिलांचा हात ताटातच थांबला.

"आगं, नवस हाय," ते हळूच म्हणाले.

"ठावं हाय मला. बोलले बी म्याच, मोडते बी म्याच. देवीला काय करायचं ते मला करंल, पोराला न्हाई करायची. तुमी जेवा."

तिनं पहिला घास घेतला. तिला तो गिळवेना. पाण्याचा घोट घेऊन गिळला. मग दुसरा घेतला. आवडीनं खाण्यासारखं त्यात काही नव्हतं. कडू काढा घेतात तशी ती भात खात होती. वडिलांनी मान खाली घातली आणि जेवू लागले. मीही जेवलो.

त्या ताटाबरोबर माझी उदासी उतरली असं लिहिलं तर वाचायला बरं वाटेल, पण तसं झालं नाही. दुसऱ्या दिवशीही मला उठावंसं वाटलं नाही. पण आई दारात उभी राहून म्हणाली की गोठ्यात शेण पडलंय, आणि निघून गेली. शेण भरायला उठावं लागलं. रोज असंच काहीतरी पडलेलं असायचं. मी उठत गेलो. कधी दुपारपर्यंत बरं वाटे, कधी अंघोळीपर्यंतच. डोहाचा विचार लगेच गेला नाही. तो कमी कमी येत गेला, आणि आला तरी आता त्याची बेरीज जमत नव्हती.

भीती आता आईकडे गेली होती. हे मला हळूहळू दिसायला लागलं. रोज जेवायच्या आधी ती दारात जायची, वेल्ह्याच्या बाजूच्या डोंगरांकडे तोंड करून हात जोडायची आणि मग येऊन ताटाला बसायची. मडक्याच्या खरवडीला मात्र तिनं अजून हात लावला नव्हता. नवस मोडल्याचं गावात कळलं होतं. ज्या शेजारणी आई असावी तर अशी म्हणायच्या, त्याच आता म्हणू लागल्या की देवीशी असा खेळ बरा नव्हे, कुणाला तरी भोवतो. कुणाला ते त्या सांगत नसत. सांगायची गरजही नव्हती. आई ऐकून घ्यायची आणि घरी येऊन भात टाकायची. माझी आई काही धीट बाई नव्हती. पालीला भ्यायची, ढगांच्या गडगडाटाला भ्यायची. ती रोज दोन वेळा एवढ्या मोठ्या देवीला अंगावर घेत होती.

मार्गशीर्षात झोडणी लागली. खळ्यावर भाताच्या पेंढ्या झोडल्या जातात तेव्हा बारीक कुसाळ हवेत उडतं, आणि दमेकऱ्याला त्याच्यासारखा वैरी नाही. वडिलांनी मला खळ्याकडे फिरकू दिलं नाही. पण वारा काय वडिलांचं ऐकतो? दुपारी वारा फिरला. आई आम्हाला वाढून नुकतीच ताटाला बसली होती. वडील जेवून परत खळ्यावर गेले होते. मला एक खोकला आला, दुसरा आला, आणि पुढचं मला कळलं.

असा दम मला आधी एक-दोनदाच लागला असेल. आई ताटावरून उठली. डाव्या हातानं निखारे ओढले, त्यावर पूड टाकली, माझ्यापुढे धरली आणि मागे येऊन पाठीवर हात ठेवला. धूर घेतला तरी छाती सुटेना. मी मान वळवली तेव्हा तिचा चेहरा दिसला. ती माझ्याकडे बघत नव्हती. दारातून बाहेर, डोंगरांकडे बघत होती आणि तिचे ओठ हलत होते. चुकले गं माये, चुकले, असं ती पुटपुटत होती.

मला सगळं समजलं. आणखी एक क्षण गेला तर ती परत नवस बोलून मोकळी होणार होती. परत भाकरी, परत कणगीत ओतलेला तांदूळ, परत रस्त्यातले ते प्रश्न. तिचा दोष नव्हता. पोर डोळ्यांदेखत गुदमरत असेल तर आई दुसरं काय करील? मला ओरडून सांगायचं होतं की हे देवीनं केलेलं नाही, हे पेंढ्याचं कुसाळ आहे, हे दरसाल होणार आहे. पण तोंडातून एक शब्द फुटत नव्हता. मी हात लांब करून तिच्या ताटाकडे बोट दाखवलं.

तिला वाटलं मला पाणी हवंय. मी मान हलवली आणि परत ताट दाखवलं. मग तिला कळलं. ती मला समजावत म्हणाली, "खाते रं. आदी तुजा दम बसू दे, मग जेवते."

म्हणजे तोच नवस. दोन वर्षांचा नव्हे, घटकाभराचा, पण तोच. मी जोरजोरानं मान हलवली. डोळ्यांपुढे अंधारी येत होती. मी पुढे सरकलो, ताटाची कड बोटांत धरली आणि ते तिच्यापर्यंत ओढून आणलं. भात थोडा जमिनीवर सांडला. ती ताटाकडे बघत राहिली. मग तिनं एकदा दाराबाहेर पाहिलं. या खेपेला हात जोडले नाहीत.

ती तिथेच, माझ्या मागे, खाली बसली. ताट मांडीवर घेतलं. भात गार झाला होता. माझा श्वास ओढल्याचा आवाज घरभर भरला होता, तिच्या कानाशीच होता, आणि त्या आवाजात ती एकेक घास घेत होती. रडत होती आणि खात होती. उजव्या हातानं जेवत होती, आणि डावा हात तिनं माझ्या पाठीवरून काढला नाही.